गिटारवर छापलेला देश कितपत खरा मानावा?

सहावी तार (ठाणे पश्चिम), धागाकर्ता

ठाण्यातील जुन्या वाद्यांच्या खरेदी-विक्रीच्या एका गटावर नुकतीच 'अमेरिकन फेंडर स्ट्रॅटोकास्टर' अशी जाहिरात आली. छायाचित्रात हेडस्टॉकवरचा (गिटारीच्या डोक्यावरचा) अनुक्रमांक नीट वाचता येत होता आणि त्याची सुरुवात 'एमएक्स' या अक्षरांनी होत होती, म्हणजे ती गिटार मेक्सिकोतील एन्सेनाडाच्या कारखान्यात तयार झालेली होती. विक्रेत्याला तसे कळवल्यावर 'कंपनी अमेरिकन आहे, मग गिटार अमेरिकनच झाली ना?' असे उत्तर आले. तो मुद्दाम फसवत होता असे मला वाटत नाही. किंमत मात्र त्याने कॅलिफोर्नियात घडलेल्या गिटारीची लावली होती.

विद्युत गिटारीच्या धंद्यात दुसऱ्याच्या कारखान्यातून माल करून घेणे नवे नाही आणि ते गैरही नाही. लिओ फेंडर यांनी १९४६ मध्ये कॅलिफोर्नियातील फुलर्टनमध्ये सुरू केलेली कंपनी १९६५ मध्ये सीबीएस या प्रसारण कंपनीने विकत घेतली. पुढे जपानी नकला इतक्या चांगल्या आणि स्वस्त निघू लागल्या की १९८२ मध्ये फेंडरने कांडा शोकाई आणि यामानो या जपानी व्यापाऱ्यांबरोबर भागीदारी करून मात्सुमोतोच्या फुजीजेन कारखान्यात स्वतःच्या नावाच्या गिटारी बनवून घ्यायला सुरुवात केली. फेंडरच्या स्वस्त मालिकेचे स्क्वायर हे नाव गिटारीवर आले ते याच वेळी. १९८५ मध्ये बिल शुल्त्झ यांच्या नेतृत्वाखाली कंपनीतल्याच माणसांनी सीबीएसकडून फेंडर विकत घेतली तेव्हा फुलर्टनचा कारखाना त्या खरेदीत समाविष्ट नव्हता, त्यामुळे कॅलिफोर्नियातीलच कोरोना गावातला नवा कारखाना उभा राहीपर्यंत फेंडरच्या नावाने विकला जाणारा बराचसा माल जपानीच होता. सुरुवातीच्या त्या 'जेव्ही' अनुक्रमांकाच्या जपानी गिटारींसाठी आज संग्राहक चढ्या किमती मोजतात. म्हणजे ज्या देशाच्या नावाने एके काळी नाके मुरडली जात होती, त्याच नावाने आता भाव वाढतो.

फेंडरची प्रतिस्पर्धी असलेल्या गिब्सनने वेगळी वाट धरली. १९५७ मध्ये ताब्यात आलेल्या एपिफोन या ब्रँडचे उत्पादन १९७० मध्ये जपानला गेले, नंतर कोरियाला, आणि २००४ पासून चीनमधील चिंगदाओ येथे कंपनीच्या स्वतःच्या कारखान्यात. गिब्सन हे नाव मात्र अमेरिकेत घडलेल्या गिटारीपुरतेच राखले गेले. फेंडर मेक्सिकोच्या गिटारीवरही 'फेंडर' लिहिते आणि इंडोनेशिया-चीनच्या बहुतेक मालाला स्क्वायर म्हणते. पीआरएस या अमेरिकन कंपनीची 'एसई' मालिका २००१ मध्ये कोरियात सुरू झाली आणि आता इंडोनेशियात, कॉर्ट या कोरियन कंपनीच्या कारखान्यात होते. यांपैकी कोणीही देश लपवलेला नाही, तो हेडस्टॉकवर बारीक अक्षरात छापलेला असतो. माझी तक्रार आहे ती या बारीक अक्षरांत आणि जाहिरातीच्या ठळक अक्षरांत पडणाऱ्या अंतराबद्दल.

या अंतरात बरेच चलाख शब्द राहतात. 'कॅलिफोर्नियात आरेखित', 'अमेरिकेत जुळणी', 'अमेरिकन वारसा' ही विधाने खोटी नसतात, पण ग्राहकाने त्यातून जे समजावे अशी अपेक्षा असते ते बहुधा खरे नसते. अमेरिकेत 'मेड इन यूएसए' असे बिनशर्त लिहायचे असेल तर वस्तू संपूर्णपणे किंवा जवळजवळ संपूर्णपणे तिथे बनलेली हवी, असा तिथल्या व्यापार आयोगाचा दंडक आहे, आणि ऑगस्ट २०२१ पासून त्याला दंडाची तरतूद असलेल्या नियमाचे रूप आले आहे. आरेखनाच्या दाव्यावर असे बंधन नाही. जाणकारांनी लिहावे: गिटारीच्या बाबतीत 'प्रामाणिक' कशाला म्हणायचे?

मधली पट्टी (नेरुळ)

धागा अभ्यासपूर्ण आहे, पण मूळ प्रश्नच मला फारसा महत्त्वाचा वाटत नाही. डोळे मिटून ऐकल्यावर कोणाला एन्सेनाडा आणि कोरोना यांतला फरक सांगता येतो? दोन्हीकडे संगणकावर चालणाऱ्या यंत्रांवरच बॉडी आणि नेक (मान) कापले जातात. लोक देशाचे नाव विकत घेतात आणि मग त्या नावाला जागण्यासाठी स्वतःच्या कानांची समजूत घालत बसतात. गिटार हातात घ्यावी, वाजवून पाहावी, आवडली तर घ्यावी. मागे काय छापले आहे ते नंतर वाचले तरी चालते.

दुरुस्ती टेबल (कोपरी, ठाणे पूर्व)

मी गिटारींचे सेटअप आणि दुरुस्ती करतो, त्यामुळे या विषयाची दुसरी बाजू रोज टेबलावर येते. 'मधली पट्टी' यांचे यंत्रांबद्दलचे म्हणणे बरोबर आहे. लाकूड कापण्यात आता देशादेशांत फारसा फरक उरलेला नाही. फरक पडतो तो यंत्रातून बाहेर आल्यानंतर माणसाचा हात किती वेळ त्या गिटारीवर फिरला यात. फ्रेटची (मानेवरच्या धातूच्या पट्ट्यांची) टोके गोल केली आहेत की नुसती छाटली आहेत, नटच्या (मानेच्या टोकाशी तारा टेकतात त्या पट्टीच्या) खाचा तारेच्या जाडीप्रमाणे घासल्या आहेत की सगळ्या सारख्याच उथळ ठेवल्या आहेत, ब्रिजखालचा (बॉडीवर तारा टेकतात त्या भागाखालचा) ठोकळा पोलादाचा आहे की जस्ताच्या मिश्रधातूचा, या गोष्टी देश ठरवत नाही. कारखान्याला मिळालेला दर ठरवतो. ज्या कारखान्यातून बारा-पंधरा हजारांची गिटार निघते त्याच कारखान्यातून लाखाच्या घरातलीही निघते, आणि दोघींच्या पाठीवर एकाच देशाचे नाव असते.

फ्लॉइड रोज ट्रेमोलोचे, म्हणजे दांड्याने तारांचा सूर हलवणाऱ्या ब्रिजचे, उदाहरण घ्या. मूळ फ्लॉइड रोज जर्मनीत शालर ही कंपनी बनवते, '१०००' मालिका कोरियात होते आणि 'स्पेशल' चीनमध्ये. नाव तिघांवरही तेच आहे. स्पेशलच्या सॅडलचा (तार ज्यात आवळतात त्या तुकड्याचा) धातू मऊ असतो आणि तार घट्ट आवळता आवळता त्याचा कोपरा झिजलेला किंवा तुटलेला माझ्याकडे नेहमी येतो. ग्राहक म्हणतो, 'पण यावर तर फ्लॉइड रोज लिहिले आहे.' पूर्वी स्क्वायरच्या बऱ्याच मॉडेलांवर येणाऱ्या 'डंकन डिझाइन्ड' पिकअपचे (तारांचे कंपन टिपणाऱ्या चुंबकी भागाचे) तसेच. सेमोर डंकन कंपनीच्या आरेखनावरून ते कोरियात बनतात आणि ऐकायला वाईटही नसतात, परंतु विकणारा बोलताना दुसरा शब्द गिळतो आणि नुसते 'डंकन पिकअप' म्हणतो.

आता खरी फसवणूक कशी दिसते ते सांगतो. हेडस्टॉकची मागची बाजू ट्यूबलाइटखाली तिरकी धरा. देशाचे नाव आणि अनुक्रमांक जिथे छापलेला असायला हवा तिथे करंगळीएवढ्या पट्ट्यात चकाकी मंद झालेली दिसली, तर तिथे बारीक पॉलिश पेपर फिरलेला आहे असे समजा. समोरच्या बाजूला फेंडरच्या नावाचे जलचित्र (पाण्यात भिजवून लावायचा छाप) चिकटवून वर लॅकर मारलेला असेल, तर नखाने हळूच चाचपल्यावर कागदाची कड लागते. नेकचे चार स्क्रू काढून खाचेत पाहावे, तिथे कारखान्याचे शिक्के, पेन्सिलीच्या खुणा असतात आणि नकली माल करणारा तिथपर्यंत सहसा जात नाही. बॉडीची जाडीही बोलते. जुन्या स्क्वायर ॲफिनिटीची बॉडी फेंडरपेक्षा काही मिलिमीटरने पातळ असते, ती कोणत्याही चित्राने जाड होत नाही. पिकअपच्या पोकळीत प्लायवूडचे थर दिसले तर पुढे काही बोलायलाच नको.

मी स्वतः गिऱ्हाइकाला विचारल्याशिवाय अशी गोष्ट तोंडावर सांगत नाही, कारण अनेकदा ती गिटार वाढदिवसाची भेट असते. पण विचारले तर खरे ते सांगतो.

न्हावाशेवा (बेलापूर)

मी सीमाशुल्क दलालीच्या व्यवसायात आहे आणि वाद्यांचे कंटेनर अधूनमधून आमच्याकडे येतात. या धाग्यात 'देश' हा शब्द सगळे एकाच अर्थाने वापरत आहेत, कायद्यात मात्र तो तसा नाही, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

सीमाशुल्काच्या वर्गवारीत विद्युत गिटार ९२०७ या शीर्षकाखाली येते आणि तिचे सुटे भाग ९२०९ खाली. समजा एखाद्याने नेक एका देशातून, बॉडी दुसऱ्या देशातून आणि पिकअप तिसऱ्या देशातून आणून चौथ्या देशात जुळणी केली, तर शीर्षक ९२०९ वरून ९२०७ झाले आणि कागदोपत्री नवी वस्तू जन्माला आली असे म्हणायला जागा मिळते. परंतु वर्गवारीच्या सर्वसाधारण नियमांतील २(अ) हा नियम सांगतो की सगळे भाग एकत्र, नुसते सुटे करून आणले असतील तर ती पूर्ण गिटारच धरावी. त्यामुळे चार स्क्रू पिळून मूळ देश बदलता येईल अशी कल्पना कोणी करून घेऊ नये.

आसियान (आग्नेय आशियाई) देशांशी असलेल्या व्यापार करारात जकातीची सवलत हवी असेल तर बाहेरचे साहित्य वापरून केलेल्या वस्तूत साधारणपणे किमान ३५ टक्के मूल्य त्या प्रदेशात निर्माण झालेले असावे लागते आणि शिवाय उपशीर्षकही बदलावे लागते. पूर्वी तिथल्या प्रमाणपत्रावर काम भागत असे. सप्टेंबर २०२० पासून 'कॅरोटार' नियम आले आणि आता माल त्या देशाचा कसा ठरला याची माहिती आयातदाराने स्वतःजवळ बाळगावी लागते. अधिकाऱ्याने विचारले की नेकचे लाकूड कुठले, यंत्रे कुठली, दर कसा लागला, तर 'पुरवठादाराला विचारून सांगतो' हे उत्तर पुरत नाही. म्हणजे गंमत पाहा, गिटार कुठे आणि कशी घडली याची सर्वांत तपशीलवार माहिती सीमाशुल्काच्या फायलीत असते आणि जो पैसे मोजून ती वाजवणार आहे त्याच्या वाट्याला एक चिकटपट्टी येते.

त्या चिकटपट्टीबद्दलही लिहितो. वैधमापनशास्त्राच्या २०११ च्या आवेष्टित वस्तू नियमांनुसार आयात मालाच्या खोक्यावर आयातदाराचे नाव-पत्ता, मूळ देश, महिना-वर्ष, सर्व करांसह कमाल किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क असावा लागतो. हे लेबल बऱ्याचदा माल सुटण्याआधी, उरण-द्रोणागिरी पट्ट्यातील गोदामांत लावले जाते. मजूर रोलमधून एकेक पट्टी काढून भराभर चिकटवत जातात, आणि कधी कधी ती पट्टी नेमकी कारखान्याने छापलेल्या 'मेड इन' वर बसते. यात दरवेळी हेतू असतोच असे नाही, खोक्यावर सपाट मोकळी जागा तेवढीच असते. पण दुकानात गेल्यावर ती पट्टी नखाने उचलून पाहण्याचा अधिकार तुम्हाला आहे असे माझे मत आहे, दुकानदाराच्या कपाळावर आठ्या पडल्या तरी.

जॉबवर्क (रबाळे)

टीटीसी औद्योगिक पट्ट्यात आमचा छोटा कारखाना आहे. वाद्यांशी संबंध नाही, आम्ही दुसऱ्यांच्या नावाने धातूचे भाग करून देतो. मात्र 'नाव एकाचे, काम दुसऱ्याचे' हा आमचा रोजचा व्यवहार असल्यामुळे दोन शब्द लिहावेसे वाटतात.

ब्रँड गप्प का राहतात याचे सर्वांत साधे कारण ग्राहकाला फसवणे हे नसते. प्रतिस्पर्ध्यापासून स्वतःला वाचवणे हे असते. चांगला कारखाना हाताशी लागायला वर्षे जातात. त्याचे नाव उघड केले की दुसऱ्या दिवशी चार जण त्याच दारात उभे राहतात आणि दर वाढतो. आमच्या करारांतही गिऱ्हाइकाचे नाव बाहेर न सांगण्याचे कलम असते. म्हणून मी दोन गोष्टी वेगळ्या करतो. कारखान्याचे नाव न सांगणे हे व्यापारी गुपित आहे आणि ते राखण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. देश न सांगणे हे गुपित नाही, कारण देश कळल्याने कोणी प्रतिस्पर्धी शहाणा होत नाही. तो लपवण्यामागे किंमत टिकवण्यापलीकडे दुसरे कारण मला तरी सुचत नाही.

आणखी एक. बाहेरून काम करून घेणारा ब्रँड काहीच करत नाही हा समजही चुकीचा आहे. नमुना मंजूर करणे, मापांची सूट किती मिलिमीटर ठेवायची हे ठरवणे, माल निघण्यापूर्वी तपासणी करणे आणि नापास माल परत पाठवण्याची हिंमत ठेवणे, यावर वस्तूचा दर्जा उभा असतो. आमच्याकडूनच दोन कंपन्या जवळजवळ सारखा भाग घेतात. एकीचा तपासनीस व्हर्निअर घेऊन दिवसभर बसतो आणि दुसरीचा चहा पिऊन सही करतो. बाजारात दोन्ही मालांवर 'भारतात निर्मित' असेच छापलेले असते.

सहावी तार

'जॉबवर्क' यांनी केलेला भेद मला पटला. यात एक भर घालतो. गिटारीच्या जगात कारखान्याचे नाव पूर्ण गुपित राहतही नाही, कारण अनुक्रमांकात ते लिहिलेले असते. स्क्वायरवर 'आयसीएस' अशी सुरुवात असेल तर इंडोनेशिया, कॉर्ट, स्क्वायर असा त्याचा उलगडा होतो आणि पुढचे दोन अंक वर्षाचे असतात. पीआरएसच्या 'एस टू' मालिकेचे उदाहरण मला उद्बोधक वाटते. ही गिटार २०१३ पासून अमेरिकेतील मेरीलँड राज्यातल्या त्यांच्या स्वतःच्या कारखान्यात बनते, पण सुरुवातीची बरीच वर्षे तिच्यात आयात केलेले पिकअप बसवले जात होते. कंपनीने ते लपवले नाही, उलट किंमत खाली ठेवण्याचे कारण म्हणून सांगितले, आणि ग्राहकांनी ती घेतली. स्पष्ट सांगितल्याने विक्री बुडते ही भीती निराधार असल्याचा यापेक्षा चांगला पुरावा मला माहीत नाही.

आपल्याकडचाही एक विसरलेला अध्याय आहे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस स्क्वायरच्या दुसऱ्या मालिकेतील काही गिटारी आणि फेंडरच्याच मालकीच्या 'सन' या नावाखालच्या 'मस्टँग' गिटारी भारतात बनून बाहेर जात होत्या. त्यांची कीर्ती फारशी चांगली नव्हती, पण देशाचे नाव त्यांवर उघडपणे होते. त्याच काळात इथल्या बाजारात कोलकात्याच्या गिवसन आणि हॉबनर चालत होत्या. ही नावे कोणत्या परदेशी नावांच्या किती जवळ जातात हे वेगळे सांगायला नको.

येऊरची पायवाट (ठाणे पश्चिम)

मला वाजवता येत नाही, झाडे ओळखता येतात. लाकडाच्या अंगाने पाहिले तर 'देश' हा प्रश्न आणखी गुंततो.

गिटारीच्या फ्रेटबोर्डासाठी जगभर वापरले जाणारे रोझवूड म्हणजे पुष्कळदा आपली दक्षिणेची शिसव असते. जानेवारी २०१७ मध्ये शिसवीच्या संपूर्ण वंशाचा (डालबर्जिया) व्यापार आंतरराष्ट्रीय करारान्वये परवान्याखाली आला, तेव्हा तयार गिटार परदेशी पाठवायलाही कागद लागू लागले आणि स्वस्त गिटारींतून शिसव झपाट्याने हद्दपार झाली. २०१९ च्या अखेरीस तयार वाद्यांना सूट मिळाली, पण तोवर स्क्वायरने 'इंडियन लॉरेल' स्वीकारले होते. हे लाकूड म्हणजे आपला ऐन. येऊरच्या जंगलात मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली साल असलेली जी झाडे दिसतात, तीच. म्हणजे अमेरिकन नावाच्या, इंडोनेशियात घडलेल्या गिटारीवर ठाण्यातले मूल ज्या पट्टीवर बोटे ठेवते ते लाकूड त्याच्या घरामागच्या डोंगरावर उभे असते. त्या फळ्या इथून जातात असा माझा दावा मुळीच नाही.

लाकडाच्या कागदपत्रांवरून गिब्सनच्या कारखान्यांवर २००९ आणि २०११ मध्ये छापे पडले होते. दुसऱ्या खेपेस प्रश्न भारतातून आलेल्या फ्रेटबोर्डाच्या पट्ट्यांचा होता: त्यांना अर्धवट तयार लाकूड म्हणायचे की वाद्याचा भाग? आपल्या निर्यात नियमांत कच्च्या लाकडाला बंदी आणि तयार भागाला परवानगी असल्याने सगळा वाद त्या वर्गवारीवर आला. ऑगस्ट २०१२ मध्ये मादागास्करच्या एबनी लाकडासंबंधात गिब्सनने तीन लाख डॉलर दंड भरून तडजोड केली. पट्टी कुठल्या देशात 'तयार' झाली हे ठरवणे सरकारांनाही किती जड जाते ते यातून दिसते.

मधली पट्टी

हे सगळे वाचून माझे म्हणणे अधिकच पक्के झाले. लाकूड भारताचे, यंत्र कुठले तरी, मजूर इंडोनेशियाचा, आरेखन अमेरिकेचे. मग एकाच देशाचे नाव छापण्यात अर्थ काय राहिला? आपल्या मिरजेची सतार घ्या. भोपळा पंढरपूरच्या बाजूचा, लाकूड बाहेरच्या राज्यांतले, तरी तिला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि ते योग्यच आहे, कारण सतारमेकरांचा हात मिरजेचा आहे. तिथे आपण कच्चा माल मोजत नाही.

सहावी तार

आपण दिलेले उदाहरण माझ्याच बाजूचे आहे. मिरजेच्या सतारीला मान मिळतो तो हात मिरजेत चालतो म्हणून. उद्या कोणी दुसरीकडे घडवलेल्या सतारीवर 'मिरज परंपरा' असे छापून मिरजेच्या भावाने विकली, तर आपण ते चालवून घ्याल का? वाशीच्या घाऊक बाजारात कर्नाटकचा आंबा देवगडच्या पेटीत भरला जातो तेव्हा आंबा गोड असूनही आपण चिडतोच. गिटारीतही मला लाकूड, स्क्रू आणि तारांचे गोत्र नको आहे. मुख्य काम, म्हणजे नेक बसवणे, फ्रेट घालणे, रंग आणि अंतिम सेटअप, ज्या जागी झाले त्या जागेचे नाव ठळकपणे सांगावे एवढेच म्हणणे आहे. आणि किंमत सांगताना दुसऱ्या जागेचे नाव उच्चारू नये.

तिसरी पाळी (ऐरोली)

चर्चा ग्राहकाभोवतीच फिरते आहे, म्हणून लिहितो. देशाचे नाव का हवे याचे आणखी एक कारण आहे: ते काम कोण करते, हे त्यातून कळते. या धाग्यात कॉर्टचे नाव आले आहे. या कोरियन कंपनीने २००७ मध्ये कोरियातील कामगारांना काढले, तिथले कारखाने बंद केले, आणि उत्पादन इंडोनेशिया व चीनमधल्या कारखान्यांत सुरू राहिले. काढलेल्या कामगारांनी जवळपास बारा वर्षे लढा दिला, परदेशातील वाद्यप्रदर्शनांच्या दारात जाऊन निदर्शने केली, स्वतःचा बँडही काढला. एप्रिल २०१९ मध्ये समझोता झाला. त्या काळात तिथून माल घेणाऱ्या मोठ्या ब्रँडांच्या गिटारीवर कोरियाच्या जागी इंडोनेशिया एवढाच बदल झाला. त्या छापील शब्दावरून ही गोष्ट कोणाला कळली नसती, पण तो शब्दही नसता तर शोधायची सुरुवात कुठून करणार?

मी गिटार घेऊ नका असे म्हणत नाही. माझ्याकडेही इंडोनेशियातलीच आहे आणि चांगली आहे. 'स्वस्त मजुरीचा माल' असे तिरस्काराने म्हणणाऱ्यांचा मला राग येतो, कारण ते नापसंती कामगाराबद्दल दाखवतात, दर ठरवणाऱ्याबद्दल नाही.

वाशीची आई (वाशी)

नमस्कार. मुलीसाठी पहिली विद्युत गिटार घ्यायची आहे आणि सगळा धागा वाचून डोके गरगरले आहे. एका संकेतस्थळावर 'भारतीय ब्रँड' म्हणून एक गिटार दिसते आहे, किंमत आमच्या आवाक्यातली आहे. पानावर कुठेही देश लिहिलेला नाही. ती भारतात बनलेली आहे असे समजावे का? दुसरा पर्याय दुकानातील आयबानेझ जिओचा आहे. दुकानदार 'जपानी कंपनी' म्हणतो.

सहावी तार

ताई, जपानी कंपनी हे खरे आहे. होशिनो ही नागोयाची कंपनी आहे. परंतु 'जिओ' ही त्यांची प्राथमिक मालिका जपानमध्ये बनत नाही, ती इंडोनेशियात किंवा चीनमध्ये बनते. नवशिक्यासाठी त्यात काहीही कमी नाही, फक्त 'जपानी' म्हणून दोन पैसे जास्त देऊ नका. भारतीय ब्रँडांपैकी अनेकांचा माल चीनमधून येतो, हेही त्याच न्यायाने गैर नाही. घसघशीत सूट दाखवणाऱ्या अनोळखी परदेशी संकेतस्थळांवरून मोठ्या नावाची गिटार मात्र मागवू नका. २०२४ मध्ये अमेरिकेच्या सीमाशुल्क खात्याने आशियातून आलेल्या तीन हजारांहून अधिक नकली गिब्सन पकडल्याचे जाहीर केले. त्यांवरचे नावच खोटे होते.

न्हावाशेवा

ताईंच्या पहिल्या प्रश्नाला उत्तर: देश लिहिलेला नाही म्हणून भारतात बनली असे मुळीच समजू नये. ग्राहक संरक्षणाच्या २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे विक्रेत्याने मूळ देशासह आवश्यक माहिती पानावर द्यायला हवी. आधी विक्रेत्याला लेखी विचारा आणि खोक्यावरच्या लेबलाचे छायाचित्र मागवा. त्यावर 'आयातदार' हा शब्द असेल तर माल बाहेरचा आहे. 'निर्माता' असा शब्द आणि भारतातील कारखान्याचा पत्ता असेल तर इथला. नुसते 'विपणन' असा शब्द आणि कार्यालयाचा पत्ता असेल तर पुन्हा विचारा. उत्तर टाळले गेले तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. तिथे मराठीतूनही बोलता येते.

वाशीची आई

विचारले. छायाचित्र आले. लेबलावर आयातदार भिवंडीचा आणि मूळ देश चीन आहे. विक्रेता सरळ बोलला आणि पानावर दुरुस्ती करतो म्हणाला. दुकानातील जिओच्या खोक्यावर इंडोनेशिया आहे. मुलीला हातात धरायला जिओ आवडली, पण मानेच्या कडेवरून बोट फिरवले की काहीतरी टोचते. हे चालेल का?

दुरुस्ती टेबल

ताई, ती फ्रेटची टोके आहेत. लाकूड थोडे आकसले की धातू बाहेर डोकावतो, या किमतीत हे सर्वत्र आढळते. घेण्याआधी दुकानदाराला टोके घासून द्यायला सांगा, अर्ध्या तासाचे काम आहे, बहुतेक जण विक्री हातची जाऊ नये म्हणून करून देतात. त्याच वेळी बाराव्या फ्रेटवर तार किती उंच आहे ते पाहायला सांगा आणि तारा नऊच्या गेजच्या (बारीक) घालून घ्या, लहान बोटांना बऱ्या पडतात. पावसाळ्यात मान हलली तर ट्रस रॉडला (मान सरळ ठेवणाऱ्या आतल्या सळईला) स्वतः हात लावू नका.